उपदेशकाचा रकाना

“सूचक म्हणून तुमचंच नाव आहे ना? एवढंच सांगा.”

“आहे. किती वेळा सांगू? आधी जेवू दे.”

“जेवा. कोण नको म्हणतंय?”

पण मटणाचं पातेलं सुलेखानं आपल्या बाजूला ओढून घेतलं होतं आणि वाढायचा डावही तिच्याच हातात होता. साहेबराव कोरडी भाकरी मोडून ताटात तुकडे मांडत बसले. उस्मानपुऱ्यातल्या त्या घरात रविवारी दीडपर्यंत जेवणं उरकलेली असायची. आज दोन वाजून गेले तरी कुणाच्या ताटात रस्सा पडला नव्हता. कोपऱ्यातल्या खाटेवर साहेबरावांची आई सरूबाई, ब्याऐंशी वर्षांची, आपली वाटी पुढं धरून बसली होती.

“अगं, मला तरी वाढ,” ती म्हणाली. “म्या काय ठराव मांडला नाय.”

सून मोनिका हसली आणि सासूच्या चेहऱ्याकडे बघून लगेच गप्प झाली.

सकाळी उपासना सुटल्यावर चर्चच्या पोर्चमधल्या फळ्यावर एक टाईप केलेला कागद लागला होता. सुलेखा चपला घालता घालता वाचायला थांबली. पंच कमिटीचे ठराव. पहिले तीन छताच्या गळतीचे आणि कंपाउंडच्या गेटचे. चौथा असा, की यापुढं मंडळीत भगिनींनी पुलपिटावरून उपदेश करू नये. त्यांनी गीत गावं, साक्ष म्हणून आपला अनुभव सांगावा, संडे स्कूल घ्यावं. पाचवा असा, की खेड्यांवर अधिकार नसलेल्या व्यक्तींनी घेतलेले वर्ग ग्राह्य धरू नयेत, ते पुन्हा घ्यावेत. खाली लिहिलं होतं, सूचक, श्री. साहेबराव गंगाराम त्रिभुवन.

तिला वाटलं, मंडळीत दुसरे कुणी साहेबराव त्रिभुवन असतील. तीस वर्षं त्याच मंडळीत काढल्यावरही तिला क्षणभर तसं वाटलं. शेजारी उभ्या असलेल्या, मंडळीतल्याच निशानं तिच्या खांद्यावरचा हात हळूच काढून घेतला, “काकू, नंतर फोन करते हं,” म्हणाली आणि स्कूटीकडे गेली. मग सुलेखानं कागद पुन्हा वाचला. चपला पायात उलट्यासुलट्या गेल्यात हे घर आल्यावर कळलं.

“एक महिना झाला त्या मीटिंगला,” ती आता म्हणाली. “महिनाभर माझ्या हातचं खाताय. एकदा तरी तोंडातून निघालं का?”

“सांगणार होतो.”

“कधी? फळ्यावर लागल्यावर?”

साहेबरावांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि खाली ठेवला. वाळूजच्या कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेला माणूस. आवाज चढवायची सवय नव्हती. “हे बघ, कुणीतरी मांडणारच होतं. दुसऱ्या कुणी मांडला असता तर तिथं तुझ्यावर काय काय बोलले असते. मी मांडला म्हणून तुझं नावसुद्धा निघालं नाही. पाच मिनिटांत विषय संपला. घरातली गोष्ट घरच्यानं मिटवली.”

हा माणूस आपल्याला उपकार सांगतोय, हे सुलेखाच्या लक्षात यायला वेळ लागला.

“आणि मी काही मनानं केलेलं नाही,” ते पुढं म्हणाले. “शास्त्रात आहे. पौलानं लिहिलंय, मंडळीत बायकांनी गप्प राहावं.”

“त्याच पौलानं एका बाईच्या हाती पत्र पाठवलं रोमला. ती एवढी लांब घेऊन गेली, तिथल्या मंडळीनं तिला पत्रातलं काही विचारलं असेल, तर तिनं काय तोंडाला पदर लावला असेल? आणि प्रभूची कबर रिकामी आहे हे पहिल्यांदा येऊन कुणी सांगितलं? पुरुष तेव्हा दार लावून बसले होते.”

“बातमी सांगणं वेगळं, उपदेश वेगळा.”

“अकरा वर्षं मी पिंपळवस्तीला काय करत होते?”

“साक्ष देत होतीस.”

“दर दुसऱ्या रविवारी, तासभर?”

“साक्ष लांबू शकते,” साहेबराव म्हणाले. आपण विनोद केला असं त्यांना वाटलं नव्हतं, पण मोनिकाला तोंड फिरवावं लागलं.

“माझ्या सासूला वाचाया बायबलबाईनं शिकवलं,” सरूबाई खाटेवरून म्हणाली. “पायी फिरायची गावोगाव, पिशवी घेऊन. लई हुशार बाई. पर ती कधी पुलपिटावर चढली नाय.”

“चढली नाही, का कुणी चढू दिलं नाही, आत्याबाई?”

सरूबाईनं विचार केला. “तवा पुलपिटच नव्हतं. लिंबाखाली बसायचं समदं,” ती म्हणाली आणि वाटी पुन्हा पुढं केली.

सुलेखा जालन्याकडची. वडील बोर्डिंगच्या शाळेत स्वयंपाकी होते. चुलीशेजारी बसून तिनं बोर्डिंगच्या मुलींचे धडे ऐकून ऐकून पाठ केले. पुढं लग्न होऊन शहरात आली आणि सत्तावीस वर्षं बालवाडी चालवली. ज्याला वाचता येत नाही त्याला शिकवायचं तर आधी त्याच्या हाताला काम द्यायचं, हे ती बालवाडीत शिकली. चार वर्षांच्या पोराला मणी ओवायला दिले की तो पन्नासपर्यंत म्हणतो. नुसता बसवला की रडतो.

अकरा वर्षांपूर्वी दवाखान्यात आजारी लोकांना भेटायला गेली असताना एका खाटेशी तिला गोजरबाई भेटली. नवऱ्याचा, अप्पारावांचा, पाय मोडला होता. सुलेखानं प्रार्थना केली तशी गोजरबाईनं तिचा हातच धरला. “बाई, आमच्याकडं येता का? आमी बी खिस्तीच. पर पाळकसायब नाताळाला येत्यात आन् कापणीच्या सणाला. मधी आमी काय करायचं?”

पिंपळवस्ती गंगापूरच्या पुढं, उसाच्या आणि कापसाच्या पट्ट्यात. तेरा घरं आणि एक पत्र्याची शेड. सुलेखा एक रविवार म्हणून गेली. नगर नाक्यावरून गंगापूरची जीप, तिथून मिळेल ते वाहन, नाहीतर पायी. मग दर दुसरा रविवार तिथलाच झाला. ती शास्त्रातला उतारा वाचायची आणि त्यावर बोलायची. लोक ऐकायचे, विचारायचे, कधी भांडायचे. कमिटीनं वार्षिक अहवालात ‘ग्रामीण सेवा’ म्हणून दोन ओळीही लिहिल्या. दोन वर्षांपूर्वी अप्पाराव गेले तेव्हा पाळकसाहेब पुण्याला होते आणि उन्हाळ्यात प्रेत ठेवून घेता येत नव्हतं. साहेबराव म्हणाले, “तू जा, मला कमिटीची मीटिंग आहे.” कबरेच्या तोंडाशी उभं राहून मातीची प्रार्थना सुलेखानं केली. तेव्हा बाईचा आवाज कुणाला खटकला नाही.

खटकला तो या जानेवारीत. पाळकसाहेबांचा घसा बसला आणि सकाळी आठ वाजता त्यांनीच फोन केला, “ताई, आज तुम्ही दोन शब्द बोला.” बायका बोलायच्या तेव्हा खाली, गाणाऱ्यांच्या शेजारच्या स्टँडशी उभ्या राहून बोलायच्या. त्या दिवशी माईकची वायर तिथवर पोचेना. सुलेखा दोन पायऱ्या चढून पुलपिटावर गेली आणि वीस मिनिटं बोलली. मागच्या बाकावरची दोन वडीलधारी माणसं उठून गेली, एवढं तिनं वरून पाहिलं होतं.

पण चौथ्या ठरावाचं तिला आज जेवढं लागलं, त्याहून जास्त पाचव्याचं लागलं होतं. येत्या रविवारी बिशपसाहेब येणार होते, दृढीकरणाला. ज्यांची नुसती बाप्तिस्म्यापुरती नावं होती, त्यांनी वर्ग करून, सगळ्यांसमोर आपला विश्वास सांगायचा. मग बिशपसाहेब डोक्यावर हात ठेवतात आणि त्या माणसाला प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, घेता येतं. पिंपळवस्तीच्या सात जणांचा वर्ग सुलेखानं वर्षभर घेतला होता. त्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांची गोजरबाई होती. जन्मापासून ख्रिस्ती, आणि आयुष्यात एकदाही तिनं ती भाकर तोंडात घेतलेली नव्हती. भोजनाच्या वेळी बाकावरून उठून बाहेर जाऊन चपला राखायची.

“तो वर्ग पुन्हा घ्यायचा म्हणे,” सुलेखा म्हणाली. “सहा दिवसांत कोण घेणार? बिशपसाहेब पुन्हा कधी येणार? गेल्या खेपेला तीन वर्षं आले नाहीत. गोजरमावशी तोवर राहतील का?”

साहेबरावांचा चेहरा एकदम मोकळा झाला. “अगं, म्हणून तर सांगतोय, जेव. तुझ्या लोकांचं काही बिघडत नाही.”

“कसं काय?”

ते हात धुऊन उठले आणि कपाटातून लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर घेऊन आले. कमिटीचे सचिव म्हणून उपासनांची नोंद त्यांच्याकडे असायची. ते रजिस्टर साड्यांच्या कप्प्यात तळाला असतं हे सुलेखाला माहीत होतं, उघडून ते तिनं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी एक पान काढून तिच्या पुढ्यात ठेवलं.

चार रकाने. तारीख, ठिकाण, उपदेशक, हजर. पिंपळवस्तीच्या पुढं, उपदेशकाच्या रकान्यात, साहेबरावांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, सा. गं. त्रिभुवन.

तिनं पान उलटलं. सा. गं. त्रिभुवन. आणखी मागं गेली. ओढ्याला पाणी आलं होतं आणि ती चपला हातात घेऊन पलीकडे गेली होती, तो रविवार. सा. गं. त्रिभुवन. अंगात ताप असताना शेडच्या खांबाला टेकून बोलली होती, तो. मुलाचं, इंद्रजीतचं, मोनिकाशी लग्न ठरलं त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. अप्पारावांच्या मातीचा दिवसही होता, दफनविधी, सा. गं. त्रिभुवन. शेवटी दृढीकरणाचा वर्ग, शिकवणारा, तेच नाव.

“बाईचं नाव त्या रकान्यात लिहिता येत नाही,” साहेबराव समजावत होते. “रिकामा ठेवला असता तर वरून विचारणा झाली असती आणि तुझं जाणंच बंद झालं असतं. म्हणून मी पहिल्यापासून माझं नाव टाकत आलो. कागदावर सगळं चोख आहे. ठराव पाच तुझ्या वर्गाला लागूच होत नाही. वर्ग मी घेतलाय.”

सुलेखानं पातेल्याचं झाकण काढलं. सगळ्यांना वाढलं. सरूबाईच्या वाटीत मऊ तुकडे निवडून घातले. स्वतःच्या ताटात काही घेतलं नाही.

“मिटलं की नाही?” साहेबराव भुरका मारून म्हणाले.

रविवारची उरलेली दुपार आणि सोमवार ती घरात वावरत होती ती दुसऱ्याच्या घरात वावरल्यासारखी. मीठ कुठं ठेवलंय ते आठवेना. मोनिका म्हणाली, “मम्मी, पप्पांनी वाईट मनानं केलं नाही.” सुलेखा म्हणाली, “तेच तर.” बालवाडीच्या हजेरीत एकदा एका मुलीचं नाव चुकून गळलं होतं, तर ती पोरगी दिवसभर कुणाशी बोलली नव्हती. ‘मी आलेच नाही का?’ असं विचारत होती. सुलेखाला ती पोरगी सारखी आठवत होती. आपण अकरा वर्षं कुठं गेलोच नाही. कुणापुढं बोललोच नाही. वस्तीवर जो आवाज पोचत होता तो ह्यांचा होता, आणि ह्यांनी तर वस्ती उभ्या आयुष्यात दोनदा पाहिली होती.

मंगळवारी ती जीपनं निघाली. वर्गाच्या लोकांना रविवारचं सांगायचं होतं, पण खरं तर तिला गोजरबाईला विचारायचं होतं.

कापसाची शेवटची वेचणी चालू होती. गोजरबाई एका ओळीत वाकून बोंडं काढत होती, कमरेला ओटी बांधलेली. वर्ग असाच झाला होता. सातातल्या पाच जणांना अक्षरओळख नव्हती, म्हणून सुलेखानं एका ओळीला एक उत्तर ठरवून दिलं होतं. ओळीच्या सुरुवातीला तिनं प्रश्न विचारायचा, वेचत वेचत बांधापर्यंत जायचं तोवर उत्तर पाठ. विश्वासांगीकार, म्हणजे सगळ्यांसमोर म्हणायची विश्वासाची कबुली, बारा ओळींत बसला होता. ह्या वावरातल्या कुठल्या ओळीला काय म्हणायचं ते गोजरबाईला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

“सलाम, मावशी.”

“सलाम, बाई! आज मंगळवारी कसं? रविवारचं रद्द झालं का काय?” तिनं विचारलं आणि तिच्या हातातलं बोंड तसंच राहिलं.

“नाही, नाही. रविवारी आहे.” सुलेखा बांधावर बसली आणि ठराव, रजिस्टर, रकाना, सगळं सांगितलं. चर्चचा रिवाजही सांगितला. बिशपसाहेब म्हणतात, शिकवणारानं पुढं यावं. मग शिकवणारा एकेकाचं नाव घेऊन त्याला पुढं बोलावतो. “आता कागदावर शिकवणारे हे आहेत. मी खरं सांगितलं तर वर्ग रद्द होतो. गप्प बसले तर तुम्हाला भोजन मिळतं. पण मग तुम्हाला मी शिकवलंच नाही, असं कायमचं होतं.”

गोजरबाई खो-खो हसली. दात तीनच होते. “एवढंच व्हय? अगं, नाव कुनाचं बी लाव. मला भाकर मिळू दे. देवाला काय रजिस्टर वाचाया लागतं का?”

आपण इथं काय ऐकायला आलो होतो ते सुलेखाला तेव्हाच कळलं, आणि त्याची तिला लाज वाटली. म्हातारीनं अठ्ठ्याहत्तर वर्षं चपला राखल्या आणि आपण तिला रकान्याचं दुःख सांगतोय.

“बरोबर आहे तुमचं,” ती म्हणाली.

“पर एक सांग. त्यो मानूस माझं नाव घेईल तवा म्या त्याला वळखू कशी? दाढी हाय का त्याला?”

“मिशी आहे. आणि पोट.”

“मंग बरं. पोटावरनं वळखते.”

परतीच्या जीपमध्ये सुलेखाचा निश्चय झाला होता. गिळायचं. रविवार पार पडू द्यायचा. नवऱ्याला निदान सात जणांचे चेहरे तरी ओळखता आले पाहिजेत, म्हणून तिनं येताना फोनवर सगळ्यांचे फोटो काढून आणले होते. पाच वाजता घरी आली तेव्हा साहेबराव चहा पीत बसले होते आणि मोनिका दारात मेथी निवडत होती.

“या, नावं पाठ करा,” सुलेखा म्हणाली. “बिशपसाहेबांकडे गेलेली यादी काढा.”

साहेबराव खूष झाले. त्यांनी रजिस्टरमध्ये घडी घालून ठेवलेली यादीची प्रत काढली, चष्मा लावला आणि वाचू लागले. सुलेखा एकेक फोटो दाखवत गेली. ही विशाखा, डावीकडं तीळ आहे. हा रामकिसन, थोडा तोतरा बोलतो, घाई करू नका. सहा नावं झाली.

“सात. अप्पाराव सखाराम शिनगारे,” साहेबरावांनी वाचलं. “याचा फोटो?”

सुलेखानं फोन खाली ठेवला. “पुन्हा वाचा.”

“अप्पाराव सखाराम शिनगारे. वय ऐंशी. वर्गाला नियमित हजर.”

“गोजरबाई शिनगारे?”

त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत बोट फिरवून पाहिली. “गोजरबाई नाही यात.”

“ही यादी तुम्ही कुठून घेतली?”

“गेल्या खेपेची होती ना, बिशपसाहेब यायचे राहिले ती. त्यावरूनच उतरवली. तीच माणसं म्हटलं.”

तीच माणसं होती, एक सोडून. तीन वर्षांपूर्वी गोजरबाई वर्गाला बसली नव्हती. शेरडं सोडून दोघांना येता येत नाही, म्हणाली होती, आधी मालकाचं होऊ दे, मग माझं बघू. अप्पारावांनी सगळी उत्तरं पाठ केली. बिशपसाहेब आले नाहीत. दुसरी तारीखही टळली. मग अप्पाराव गेले.

“अप्पाराव वर्गाला नियमित येत होते?” सुलेखानं विचारलं.

“येत असतील की. म्हणजे, तूच सांग.”

“ते वारले. दोन वर्षं झाली.”

साहेबरावांनी चष्मा काढला. सुलेखानं रजिस्टर ओढलं आणि रविवारी पाहिलेलं ते पान बरोबर उघडलं. “हे तुमचं अक्षर. दफनविधी, अप्पाराव सखाराम शिनगारे, उपदेशक सा. गं. त्रिभुवन. याच रजिस्टरात तुम्ही त्यांना पुरलंय, आणि याच रजिस्टरात त्यानंतर वर्षभर त्यांना शिकवलंय.”

मोनिकाच्या हातातली मेथीची जुडी जमिनीवर पडली.

“साहेब्या,” सरूबाई खाटेवर उठून बसली. “तू मेलेल्या मानसाला शिकीवलं?”

“आई, तू थांब जरा. चूक झाली. उतरवताना झाली.” साहेबरावांनी पेन शोधायला खिसा चाचपला. “दोन मिनिटांचं काम आहे. अप्पाराव खोडतो, गोजरबाई लिहितो. बिशपसाहेबांच्या ऑफिसात फोन करून सांगतो.”

“काय सांगाल?”

त्यांनी पेनचं टोपण काढलं.

“की मी ज्याला शिकवलं तो बाप्या नव्हता, बाई होती? वर्षभरात लक्षात आलं नाही, म्हणाल?”

“तू आता टोकाला नेऊ नको.”

“टोकाला?” सुलेखाला हसू आलं आणि ते हसू तिला स्वतःलाच कसंतरी वाटलं. रविवारपासून तिला वाटत होतं की तिला खोडलंय. तिला खोडलं ते खोडलं. पण त्या रकान्यात तिला जागा नव्हती म्हणून यादी करताना तिला कुणी विचारलंच नाही, तिच्या मागची आणखी एक बाई बाहेरच राहिली होती, आणि त्या बाईच्या जागी तिचा मेलेला नवरा हजर होता. हे कुणी मुद्दाम केलं असतं तर भांडता आलं असतं. हे एका माणसानं चहा पिता पिता, चांगल्या मनानं, गोल अक्षरात केलं होतं.

तिनं फोन लावला. गोजरबाईकडे नातवाचा फोन असायचा. तिनं दोन वाक्यांत सांगितलं. पलीकडं शेरडं ओरडत होती.

“म्हंजे रविवारी तिथं मालकाचं नाव घेत्यात व्हय?” गोजरबाईनं विचारलं.

“यादी तशीच राहिली तर घेतील.”

“त्यो मानूस वाट बघून बघून गेला, बाई. नवं धोतर ठिवलं होतं घडी घालून. तेच घालून माती दिली. त्याला आता पुढं बोलावत्यात?” तिचा आवाज बारीक झाला. “नाय. नाय, असं नको. कुनाचं बी नाव लाव म्हनले व्हते म्या. ते माघारी घेते. तूच ये. तू आमचं नाव घे. तुला ठावं हाय कोन जित्तं हाय आन् कोन नाय.”

“वर्ग रद्द झाला तर, मावशी? बाकी सहा जणांचंही अडेल.”

“त्या साहांना म्या सांगते. आयकत्यात माझं.” आणि मग, जरा थांबून, “रद झालं तर चपला राखाया म्या हायेच की.”

बजाजनगरच्या कारखान्यातली पहिली पाळी आणि वर दोन तास ओव्हरटाइम करून इंद्रजीत, मुलगा, तेवढ्यात आला. हेल्मेट हातात धरून दारातच थांबला. बापाच्या हातात पेन, आजी खाटेवर ताठ बसलेली, जमिनीवर मेथी. “काय झालं?” त्यानं विचारलं. “कोण गेलं?”

“कुणी नाही,” मोनिका म्हणाली. “म्हणजे, दोन वर्षांपूर्वी.”

सुलेखा आतल्या खोलीत गेली आणि तिची निळ्या पुठ्ठ्याची वही घेऊन आली. बालवाडीच्या हजेरीपटावर असतात तसे तिनं हातानं चौकोन आखले होते. सात नावं, वर्षाचे सगळे वार, आणि गोजरबाईच्या नावापुढं कुठल्या ओळीला कुठलं उत्तर झालं त्याच्या खुणा. ती वही तिनं टेबलावर, लाल रजिस्टरच्या शेजारी ठेवली.

“हे बघ सुलेखा,” साहेबराव म्हणाले, “बिशपसाहेबांसमोर तमाशा नको. माझं कमिटीतलं पद जाईल. ठराव मी मांडलाय, आणि माझीच बायको—”

“ऐका सगळ्यांनी,” सुलेखा म्हणाली. ती ओरडली नाही. उद्या दूध कुणी आणायचं ते सांगावं तशी बोलली. “रविवारी मी पहाटेच पिंपळवस्तीला जाऊन सातही जणांना घेऊन येणार आहे. चर्चमध्ये शिकवणारानं पुढं यावं म्हटलं की मी पुढं जाईन. बिशपसाहेबांच्या हातात ही वही देईन, वर्ग मी घेतला म्हणून सांगेन, आणि सात नावं मी घेईन. पहिलं नाव गोजरबाईंचं. पुढं काय करायचं ते बिशपसाहेब ठरवतील. आणि ते लाल रजिस्टर उद्या सकाळी चर्चमध्ये नेऊन ठेवा. माझ्या साड्यांच्या कप्प्यात ते आता राहणार नाही.”